लॅपटॉप ऑन होत नाही? आधी तो कुठे अडला ते बघा

नमस्कार मंडळी, राम राम. आज बोलायचं आहे लॅपटॉप ऑन न होण्याबद्दल, कारण नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की माझ्या फोनवर रोज हाच प्रश्न येते, आणि विचारणाऱ्याच्या आवाजावरूनच समजते की लॅपटॉपच्या आत असं काहीतरी आहे जे दुसरीकडे कुठंच ठेवलेलं नाही. पोरीचा प्रोजेक्ट असतो, दुकानाचा हिशोब असतो, नाहीतर घरातल्या गेलेल्या माणसाचे फोटो.

मागच्या मे महिन्यात इथल्याच, नागपूरच्या सक्करदऱ्याहून आत्याचा फोन आला. "अरे, पोरीचा लॅपटॉप बंद पडला, दुकानवाला म्हणते मदरबोर्ड गेला, फॉरमॅट बी मारा लागन, काय करू सांग." मी म्हटलं आत्या, थांब, कोणालेच देऊ नको, मी येऊन राहिलो. कारण या दोन गोष्टी एका दमात सांगायच्याच नाहीत. फॉरमॅट होते, म्हणजे पुसली जाते, ती फाईली ठेवायची डिस्क, आणि मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पट्टी. बोर्ड गेला असेल तर फॉरमॅट करून काहीच होत नाही, आणि फॉरमॅटने काम होणार असेल तर बोर्ड चांगला आहे. म्हणजे मशीन नीट न बघताच बोललं गेलं होतं, आणि त्या घाईत पोरीचं वर्षभराचं काम पुसलं गेलं असतं.

तर मंडळी, ऑन होत नाही असं आपण म्हणतो, पण त्यात तीन वेगळे आजार आहेत. एक, बटण दाबलं तरी काहीच नाही, ना लाईट ना आवाज. दुसरा, लाईट लागते, पंखा फिरते, पण स्क्रीन काळीच. आणि तिसरा, कंपनीचा लोगो येतो पण विंडोज येत नाही, गोल गोल फिरत बसते किंवा निळी स्क्रीन येते. तुमचा लॅपटॉप यातल्या कोणत्या जागी अडला हे तुम्ही घरीच सांगू शकता, त्याला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही.

पहिल्या आजारात सुरुवात भिंतीपासून करा. दुसऱ्या बोर्डावर पिन लावून बघा, त्याच बोर्डावर मोबाईल चार्ज होते का ते बघा. मग अडॅप्टर. त्याच्यावर छोटी लाईट असेल तर ती बघत बघत पिन लॅपटॉपला लावा, लावल्याबरोबर लाईट विझली आणि काढल्यावर परत लागली तर आत कुठंतरी शॉर्ट आहे नाहीतर अडॅप्टरच लोड घेत नाही, मग तेवढ्याच व्होल्ट आणि वॅटचा दुसरा अडॅप्टर लावून बघायचा. हल्ली बरेच लॅपटॉप टाईप सी वर चार्ज होतात म्हणून लोक मोबाईलचा चार्जर लावतात, आता 65 वॅट मागणाऱ्या मशीनला 18 वॅट दिल्यावर ते काहून उठन? बॅटरी पार उतरली असेल तर बरोबर चार्जर लावूनही वीसेक मिनिटं वाट बघा. आणि मग तो उपाय करा ज्याने मी कितीतरी मशीन उठताना पाहिल्या आहेत. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरा, सोडा, फक्त चार्जर लावून ऑन करा. मदरबोर्डावर थोडा करंट अडकून राहते, तो असा निघून जाते.

आपल्या नागपूरचं एक वेगळं सांगतो. लिथियम आयन बॅटरी साधारण 45 अंशांपर्यंतच चार्ज करायची असते, आणि मे महिन्यात आपल्याकडे हवाच 45 ला टेकते, मग उन्हात उभ्या कारमध्ये राहिलेल्या लॅपटॉपचं काय होत असेल विचार करा. तो घरी आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत पडू द्या. पण कूलरसमोरही ठेवू नका, कूलरची हवा ओली असते, आपलं बोअरचं पाणी जड, कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तो आत जाऊन कुठं बसन सांगता येत नाही. आणि टचपॅड वर उचलल्यासारखं दिसलं किंवा खालचं झाकण फुगलं तर बॅटरी फुगली आहे, दाबू नका, टोचू नका, चार्जर काढा आणि सरळ दुरुस्तीवाल्याकडे न्या.

आता आत्याच्या घरची गोष्ट. लॅपटॉप गादीवर, समोर कूलर. बटण दाबलं, पांढरी लाईट लागली, पंखा फिरला, स्क्रीन काळी. म्हणजे दुसरा आजार, बरं का. खोलीतला लाईट बंद केला आणि मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा मारला. स्क्रीनचा मागचा उजेडच गेला असेल तर टॉर्चमध्ये पुसट चित्र दिसते, इथं काहीच नव्हतं. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला, टीव्हीवरही काही नाही. कॅप्स लॉक दाबलं, त्याची लाईट हललीच नाही. मशीन सुरुवातच करत नव्हतं, आणि अशा वेळी माझा पहिला संशय रॅमवर, म्हणजे तात्पुरत्या मेमरीच्या छोट्या पट्टीवर.

चार्जर काढला, खालचं झाकण उघडलं, बॅटरीची पिन सोडवली, रॅम काढली. तिच्या सोनेरी पट्ट्यांवर काळपट डाग. पोरीच्या कंपासमधला खोडरबर घेतला, पट्ट्यांवर हलक्या हाताने घासला, रबराचा कचरा ब्रशने झाडला, रॅम परत तिरपी घालून कट आवाज येईपर्यंत दाबली. ऑन केलं तर स्क्रीन अजूनही काळी, आत्या म्हणे गेला बाप्पा, मी म्हटलं थांब. रॅम काढून लावल्यावर पहिल्यांदा मशीन ती तपासते, नव्या मशीनमध्ये मिनिटभर लागू शकते, घाबरून बंद करू नका. चाळीसेक सेकंदांनी लोगो आला. पोरगी रडाच लागली.

पण त्यानंतर आली निळी स्क्रीन, 48 अंकी की टाका म्हणून. बॅटरीची पिन सोडवल्यामुळे बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन उठवणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंग बदलल्या होत्या, आणि असं झालं की बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं विंडोजचं कुलूप, म्हणते तू मालक आहे ते सिद्ध कर. 19 जुलै 2024 ला क्राऊडस्ट्राईक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या चुकीच्या अपडेटने जगभर साधारण 85 लाख विंडोज मशीन अडकल्या होत्या, तेव्हाही कितीतरी ठिकाणी याच कीसाठी लोक शोधाशोध करत बसले. पोरीने मोबाईलवर मायक्रोसॉफ्टचं अकाऊंट उघडलं, की तिथं सापडली. सापडली नसती तर डिस्क चांगली असूनही डेटा गेला असता.

तिसऱ्या आजाराचं थोडक्यात सांगतो. विंडोज दोन तीनदा चालू होता होता पडलं की रिपेअरचं पान आपोआप येते, तिथं आधी स्टार्टअप रिपेअर, मग सेफ मोड, म्हणजे फक्त गरजेपुरतं चालू होणारं विंडोज. पण डिस्क टिक टिक वाजत असेल तर पुन्हा पुन्हा ऑन करू नका, प्रत्येक वेळी ती आणखी घासते. आधी डेटा काढून घ्या, उबुंटू, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी फुकट सिस्टीम, तिच्या पेनड्राईव्हवरून मशीन चालू करूनही फाईल कॉपी होतात. रिसेटचं बटण सगळ्यात शेवटी.

आणि बर्डीला, म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या बाजारात, दुकानात द्यावाच लागला तर एवढं करा. कोणत्या जागी अडते ते सांगा, आणि पावतीवर त्यांच्या हाताने लिहून घ्या, डेटा पाहिजे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. चांगला कारागीर याचा राग धरत नाही.

आज रात्री लॅपटॉप चालू असताना ती 48 अंकी की शोधून कागदावर उतरवा. आत्याकडे ती आता लाल पेनाने लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, गॅसच्या पुस्तकाच्या बाजूला.