बो स्ट्रीटचं चोरशोधक पत्र

नमस्कार, श्रोतेहो.

१७७२ साली लंडनच्या बो स्ट्रीट या रस्त्यावरच्या मॅजिस्ट्रेट कचेरीतून इंग्लंडभरच्या मॅजिस्ट्रेटांना आणि शहरांच्या मेयरांना एक छापील पत्रक जाऊ लागलं. त्यात दरबारच्या बातम्या नव्हत्या की अग्रलेख नव्हता. होती ती माणसांची वर्णनं: नाव, वय, उंची, केसांचा रंग, तोंडावर देवीचे व्रण आहेत का, अंगातला कोट कसला, धंदा कोणता आणि संशय कशाचा. पत्रक चारचौघांच्या नजरेस पडेल अशा जागी लावावं, अशी विनंती असे. फरारी गुन्हेगारांचा माग काढण्यासाठी निघालेलं हे नियतकालिक पुढे ‘पोलीस गॅझेट’ म्हणून ओळखलं गेलं. ते सुरू करणारे मॅजिस्ट्रेट सर जॉन फील्डिंग दोन्ही डोळ्यांनी अंध होते.

त्या काळच्या इंग्लंडात आज आपण म्हणतो तसं पोलीस दल नव्हतंच. परगण्यापरगण्यात बिनपगारी कॉन्स्टेबल आणि रात्रीचे पहारेकरी, एवढीच व्यवस्था. १२८५ चा एक जुना कायदा होता. चोरी झाली की आरडाओरडा करायचा आणि साऱ्या गावानं चोरामागे धावायचं. गाव लहान आणि माणसं ओळखीची, तोवर हे चाललं. पण अठराव्या शतकात हमरस्ते सुधारले आणि लंडन अफाट वाढलं. रात्री वाटमारी करणारा घोडेस्वार सकाळी दुसऱ्याच परगण्यात पोचून सभ्य गृहस्थ म्हणून खाणावळीत न्याहारी करू शकत होता. त्याला ओळखणारं तिथे कोण? चोरीचा माल परत मिळवून देणारे काही दलाल होते, पण त्यातला सर्वांत नावाजलेला जोनाथन वाइल्ड स्वतःच चोरांची टोळी चालवत होता. १७२५ साली त्याला फाशी झाली.

या अवस्थेत बो स्ट्रीटवर मॅजिस्ट्रेट म्हणून आले कादंबरीकार हेन्री फील्डिंग, जॉन यांचे सावत्र भाऊ. लेखकाला छापील शब्दाची ताकद ठाऊक होती. १७५२ मध्ये स्वतःच्या नियतकालिकातून त्यांनी लोकांना आवाहन केलं: घर फुटलं, वाटेत लुटलं गेलं, तर चोराचं आणि मालाचं वर्णन घेऊन तडक बो स्ट्रीटला या. हाताशी मोजकी विश्वासू माणसं होती, ती लगेच पाठलागाला निघत. पण हेन्रींची प्रकृती ढासळली आणि १७५४ साली लिस्बनला त्यांचं निधन झालं. काम जॉन यांच्याकडे आलं.

जॉन यांची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी एका अपघातात गेली होती. कोर्टात ते कपाळावर काळी पट्टी बांधून बसत. तीन हजार चोर ते नुसत्या आवाजावरून ओळखतात, असं लोक सांगत. आकड्याचं सोडून द्या. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. या माणसाला प्रत्येक आरोपीचं रूप दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागे. त्यामुळे कुठलं वर्णन उपयोगी आणि कुठलं पोकळ, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असेल असं मला वाटत नाही. ‘उंच, धिप्पाड इसम’ एवढ्यानं काही साधत नाही. डाव्या गालावरची जखम, बोलण्यातली लकब, घोड्याच्या कपाळावरचा पांढरा ठिपका, यांनी साधतं.

१७५५ मध्ये त्यांनी लंडनभोवतीच्या वीस मैलांसाठी योजना मांडली. लुटलेल्या माणसानं बो स्ट्रीटला घोडेस्वार धाडायचा आणि त्यानं वाटेतल्या प्रत्येक टोलनाक्यावर वर्दी देत यायचं. चोरीच्या घड्याळांची, दागिन्यांची वर्णनं वर्तमानपत्रात छापली जात आणि गहाणवट घेणाऱ्या सावकारांनी ती रोज वाचावीत, असा जॉन यांचा आग्रह असे. तात्काळ खबर आणि तात्काळ पाठलाग, हे त्यांचं सूत्र होतं.

१७७२ च्या पत्रकानं हीच रीत देशभर नेली. सरकारी मदत मिळाली. फरारी कोण, एवढंच नव्हे, तर तुमच्या तुरुंगात सध्या कोण आहे तेही कळवा, असं त्यांनी मॅजिस्ट्रेटांना आणि तुरुंगाधिकाऱ्यांना सांगितलं. या साऱ्या उद्योगातलं खरं बुद्धीचं काम मला इथे दिसतं. किरकोळ चोरीसाठी एका गावात कोंडलेला माणूस दुसऱ्या टोकाला दरोड्यासाठी हवा असू शकतो. दोन्ही कागद एका टेबलावर आले तरच ते कळणार, आणि ते टेबल बो स्ट्रीटवर होतं.

१७८० च्या जूनमध्ये लंडनमध्ये भयंकर दंगल झाली. जमावानं बो स्ट्रीटवरचं जॉन यांचं कचेरीचं घर लुटलं, जमवलेल्या नोंदी जाळल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात जॉन फील्डिंग गेले. पत्र मात्र नावं बदलत चालू राहिलं. १८२८ मध्ये शीर्षकात ‘पोलीस गॅझेट’ हे शब्द पुढे आले. एकोणिसाव्या शतकात त्याचे रकानेच्या रकाने सैन्यातून पळालेल्या शिपायांनी भरलेले असत. वसाहतींनीही हा नमुना उचलला. सोन्यासाठी माणसांची झुंबड उडालेल्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात १८५३ पासून असंच गॅझेट निघालं.

दरम्यान वेगाची कल्पनाच बदलली. १ जानेवारी १८४५ रोजी स्लाऊजवळ एका बाईला विष देऊन जॉन टॉवेल नावाचा माणूस लंडनच्या गाडीत चढला. गाडीपेक्षा तार आधी पोचली. अंगात पायघोळ कोट, पेहराव क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या माणसाचा, बसलाय कुठल्या डब्यात, सारं तारेत होतं. तो पकडला गेला. वर्णन तेच, फील्डिंगांच्या पद्धतीचं. फक्त घोडेस्वाराच्या जागी तार आली. १८८४ पासून गॅझेट स्कॉटलंड यार्डकडे आलं आणि हॉवर्ड व्हिन्सेंट यांनी त्यात गुन्हेगारांची चित्रं छापायला सुरुवात केली.

बो स्ट्रीटशी आपलाही एक धागा जोडलेला आहे. मार्च १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर अटक झाली. त्यांना भारतात पाठवायचं की नाही, याची सुनावणी झाली ती याच रस्त्यावरच्या कोर्टात.

या जुन्या गॅझेटांविषयी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. छायाचित्राआधीच्या काळात श्रीमंतांची तैलचित्रं निघत. शेतमजूर, चांभार, पळपुटा शिपाई दिसायचा कसा, हे कोण लिहून ठेवणार? ते लिहिलं पोलिसांनी, पकडण्यासाठी. त्यात निरपराधही होते. अंगावर तपकिरी कोट आणि तोंडावर देवीचे व्रण असलेले लोक त्या काळी गल्लोगल्ली असणार, आणि संशय सगळ्यांवर सारखाच बसत असणार. आज ऑस्ट्रेलियातली कुटुंबं हीच गॅझेटं चाळून आपल्या पणजोबांची उंची, डोळ्यांचा रंग आणि धंदा शोधून काढतात. वंशावळीत नुसतं नाव असतं. माणूस कसा होता, ते गॅझेटच्या त्या चार ओळींतच सापडतं.

नमस्कार.