पळा, पण सोबतीनं

श्रोतेहो, जय ख्रिस्त. नवापूर-चिंचपाड्यापासून भुसावळच्या रेल्वे वसाहतीपर्यंत जिथं कुठं ऐकत असाल, तिथं तुम्हाला नमस्कार.

लैंगिक शुद्धतेचा विषय आपण मंडळीत फार लांबवतो. पोरगं लग्नाला उभं राहिलं की आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब त्याला बाजूला घेऊन दोन शब्द सांगतात, संपलं. प्रेषित पौलानं असं लांबवलं नाही. थेस्सलनीकाच्या मंडळीला त्यानं इ.स. 50-51 च्या सुमारास पत्र लिहिलं. ती माणसं विश्वासात अगदी नवी होती. तरी चौथ्या अध्यायात तो सरळ लिहितो, देवाची इच्छा ही आहे की तुमचे पवित्रीकरण व्हावे, म्हणजे तुम्ही जारकर्मापासून स्वतःला अलिप्त ठेवावे. पुढं लगेच म्हणतो, या बाबतीत कोणी आपल्या भावाचा अपराध करू नये. म्हणजे अशुद्धता ही माझी एकट्याची खासगी गोष्ट नाही, त्यात दुसऱ्या कुणाचं तरी नुकसान असतं. मोबाइलच्या पडद्यावर दिसणारी बाईसुद्धा कुणाची तरी लेक आहे, देवाच्या प्रतिरूपात घडवलेली आहे.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. चोपडा तालुक्यातल्या एका पोराची. त्याची परवानगी घेतली आहे, नाव सांगणार नाही.

पोरगा चांगला. रविवारी भजनाला ढोलकी वाजवायचा. घरची केळीची बाग, ठिबकवर. आता शेतीची लाइट कशी येते ते तुम्हाला ठाऊक आहे, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. (आणि हे मी बोलणारच. ज्या तालुक्यात बिबट्या फिरतो, सापाकिरड्यांचा सुळसुळाट आहे, तिथल्या माणसाला रात्री बारा वाजता मोटर चालू करायला पाठवणं हा अन्याय आहे. शेतकऱ्याला दिवसाच वीज मिळाली पाहिजे.) तर रात्रपाळीच्या आठवड्यात हा पोरगा मोटरीच्या खोलीत खाटेवर बसायचा. दर थोड्या वेळानं उठून व्हॉल्व्ह बदलायचा, मग परत खाटेवर. हातात मोबाइल. आजूबाजूला माणूस नाही, नुसती केळीच्या वाळक्या पानांची सळसळ. तिथं त्याला घाण बघायची सवय लागली. रडायचा, प्रार्थना करायचा, शपथ घ्यायचा. पुढच्या रात्रपाळीला पुन्हा तेच.

एका रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकर आणि पेला घ्यायचा विधी. भाकरीचं ताट त्याच्यापुढं आलं, त्यानं तसंच पुढं सरकवलं. पेलाही सरकवला. कुणाच्या लक्षात आलं नाही. एका वडीलधाऱ्या माणसाच्या मात्र आलं. सगळे त्यांना नाना म्हणतात. उपासना सुटल्यावर नानांनी दारात एवढंच विचारलं, "काय रे भो, तब्येत बरी से ना?" तो म्हणाला, हो नाना. विषय तिथंच राहिला.

त्या रात्री नाना बॅटरी घेऊन शेतात गेले. पोरानं घाईनं मोबाइल उशाखाली सारला. नानांनी ते बघितलं आणि काही बोलले नाहीत. खाटेवर बसले. व्हॉल्व्ह बदलायची वेळ झाली तेव्हा त्याच्या बरोबरीनं उठले, चिखलात चालले, परत येऊन बसले. उपदेश नाही, वचन नाही. पहाटेच्या सुमाराला पोरगा आपणहून बोलला. सगळं बोलला.

नाना लगेच उत्तर देत बसले नाहीत. उजाडल्यावर त्याला बागेत घेऊन गेले. पावसाळ्याचे दिवस, लागवड कोवळी, हरण्या रोग पडलेला. पानावर पिवळे पट्टे आलेलं एक झाड त्यांनी दाखवलं आणि विचारलं, याला कोणतं औषध मारशील? पोरगा म्हणाला, याला औषध नाही नाना, उपटायचं. आणि उपटून बांधावर टाकलं तर चालेल? नाही, गाडावं लागतं, नाहीतर मावा बसतो आणि रोग बागभर नेतो. नाना म्हणाले, मग मोबाइलचं काय ते तूच ठरव.

त्यानं ठरवलं. रात्री जाताना मोठा मोबाइल आईच्या कपाटात, शेतात बटणाचा साधा फोन. आणि नाना म्हणाले, "आज रातले मी तुनासंगे येसु," म्हणजे आज रात्री मी तुझ्यासोबत येईन. आले. त्या रात्रपाळीच्या आठवड्यात रोज आले. पुढच्याही.

मग एका रात्री नानांना अमळनेरला मयताला जावं लागलं. पोरानं त्या रात्री कपाटातून मोबाइल काढून खिशात घातला, आणि पुन्हा त्याच पापात पडला. सकाळी नाना एस.टी.तून उतरले तर स्टँडवर हा उभा. कुणी विचारायच्या आत म्हणाला, नाना, काल मी पडलो. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं. का, ते ऐका. आधी हा पोरगा वर्ष-वर्ष लपवत होता. आता रात्री पडला आणि सकाळी उजेडात आला. मी याला पवित्रतेतली वाढ म्हणतो. पुन्हा सांगतो, लपवण्याचा काळ आखूड होत जाणं ही वाढ आहे.

आता शास्त्रात काय आहे ते थोडक्यात. पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो, तरुणपणाच्या वासनांपासून दूर पळ. हे अर्धं वचन आपल्या पोरांना पाठ आहे. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही. शुद्ध अंतःकरणाने प्रभूचा धावा करणाऱ्यांबरोबर नीतिमत्त्व, विश्वास, प्रीती, शांती यांच्या पाठीस लाग, असं तिथं लिहिलं आहे. "बरोबर" म्हटलंय, श्रोतेहो. दाविदाची गोष्ट आठवा. सैन्य लढाईला गेलं, हा राजा यरुशलेमेत मागं राहिला, आणि संध्याकाळी गच्चीवर फिरत होता. तिथूनच त्याची नजर दुसऱ्याच्या बायकोवर गेली आणि तो पापात पडला. पळा, पण सोबतीनं पळा.

आणि ज्याला वाटतं की आता आपलं काही खरं नाही, त्यानं करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय उघडावा. जारकर्म्यांपासून चोरांपर्यंत यादी दिल्यावर पौल म्हणतो, तुमच्यापैकी कित्येक तसे होते. होते. आता धुतलेले आहात.

लग्नाविषयीही एक वाक्य बोलतो. शरीराची ओढ देवानंच दिली आहे. आणि लग्न आदराचं असावं, अंथरूण निर्दोष असावं, हे इब्रीकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात आहे. मग डीजे, मांडव आणि मानपानाच्या खर्चापायी पोरापोरींची लग्नं वर्षानुवर्षं का अडकवून ठेवायची? मंडळीच्या हॉलमध्ये, घरच्या वरणबट्टीवर लग्न लागू शकतं. आईबापांनी विचार करावा.

शेवटी, ऐकणाऱ्यांसाठी. कुणी तुमच्याजवळ असं काही बोललं तर ते बुधवारच्या प्रार्थनासभेत विषय म्हणून मांडू नका. बायकोलाही सांगू नका. मुलीनं सांगायचं तर मंडळीतल्या एखाद्या वयस्क, तोंडाला कुलूप असलेल्या मावशीला सांगावं, पुरुषाला नाही. आणि पाळकसाहेबांनो, वडीलजनहो, प्रभुभोजनाच्या वेळी ताट कुणापाशी न थांबता पुढं जातंय ते बघत चला. वेदीवरून नाव घेऊ नका. संध्याकाळी त्याच्या घरी जा, शेतावर असेल तर शेतावर जा.