पासष्ट नळ्यांचा घुमट

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ हे कमी पावसाच्या पट्ट्यातले गाव आहे. हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन केंद्रातील वरिष्ठ पद सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली येथे विज्ञान आश्रम सुरू केला. प्रत्यक्ष काम करताना मूल जे शिकते ते अधिक पक्के असते, या विचारावर आश्रमाची उभारणी झाली, आणि त्यातूनच पुढे आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘आयबीटी’ या नावाने ओळखला जाणारा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आकाराला आला. आठवड्यातला एक दिवस ही मुले वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती आणि स्वयंपाकघरातील प्रयोग यांसाठी देतात.

पाबळची सर्वांत ठळक ओळख म्हणजे तिथले घुमट, ज्यांना गावात सगळे ‘डोम’ म्हणतात. लोखंडी अँगलच्या त्रिकोणांचा सांगाडा उभारायचा, त्यावर जाळी ताणायची आणि सिमेंटचा गिलावा द्यायचा, अशी त्यांची रचना असते. बकमिन्स्टर फुलर यांनी ज्या प्रकारच्या घुमटाचे अमेरिकी पेटंट १९५४ साली मिळवले, त्याच जातीची ही बांधणी आहे. माध्यमिक शाळेतील मुलांना अभियांत्रिकी रचनेचे आव्हान द्यायचे असेल, तर याच घुमटाची लहान प्रतिकृती हा उत्तम विषय ठरतो, कारण सामान म्हणून रद्दी वर्तमानपत्रे, डिंक, पट्टी आणि नटबोल्ट एवढेच पुरते.

वर्तमानपत्राचा कागद कोपऱ्यापासून तिरका गुंडाळला की घट्ट नळी तयार होते. अशा नळ्यांचा अर्धगोल उभा करायचा आणि त्याने ठरावीक वजन पेलायचे, एवढीच अट सांगावी. लांब्या आधी सांगू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. मापे छापलेला तक्ता हातात दिला, की उरते ती केवळ जुळणी. रचना करण्याचे काम दुसऱ्याच कोणीतरी आधीच केलेले असते.

बहुतेक गट सगळ्या नळ्या एकाच लांबीच्या कापतात. मग एका सांध्यावर सहा समभुज त्रिकोण एकत्र येतात, साठ-साठ अंशांचे सहा कोन मिळून ३६० अंश पूर्ण होतात आणि घुमटाऐवजी जमिनीवर सपाट जाळी पसरते. पाचच त्रिकोण जोडले तर मध्यभाग वर उचलला जातो, पण सगळीकडे पाचच ठेवले तर आकार फारच ओबडधोबड होतो. सांध्यांवर पाच आणि सहा यांचा मेळ घालायचा असेल, तर नळ्यांच्या दोन लांब्या लागतात, हे मुलांना इथे कागदावर नव्हे तर हातात कळते. त्रिज्या ५० सेंटिमीटर धरली तर आखूड नळी सुमारे २७.३ आणि लांब नळी सुमारे ३०.९ सेंटिमीटरची येते. आखूड ३० आणि लांब ३५, अशा एकूण ६५ नळ्या २६ सांध्यांवर भेटतात. पाच नळ्यांच्या सांध्यावर सगळ्या आखूड, तर सहा नळ्यांच्या सांध्यावर दोन आखूड आणि चार लांब येतात.

यानंतर येणारी अडचण कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात रोज भेटते. हिशेबातली लांबी नटबोल्टसाठी नळीच्या टोकांजवळ पाडलेल्या एका छिद्राच्या मध्यापासून दुसऱ्या छिद्राच्या मध्यापर्यंतची असते, आणि छिद्राच्या पलीकडे दोन्ही टोकांना थोडी नळी शिल्लक ठेवावी लागते. नळी नेमकी २७.३ सेंटिमीटरवर कापली, तर छिद्रे आत सरकतात, दोन लांब्यांचे प्रमाण बिघडते आणि शेवटचे काही त्रिकोण ओढून बसवावे लागतात. ओढून बसवलेला सांधा वजन टाकताच बोलतो.

वजनाची चाचणी दोन प्रकारे घ्यावी. सांध्यावर टांगलेले वजन नळ्यांच्या लांबीतून, दाब आणि ताण यांच्या रूपाने, खाली वाटले जाते. तेच वजन एखाद्या नळीच्या मधोमध टांगले, तर ती एकटीच वाकते आणि बाकीच्या नळ्या तिला फारशी मदत करू शकत नाहीत. कोणती नळी कुठे वाकली, याची नोंद वहीत चित्रासह व्हायला हवी, कारण दुसऱ्या आराखड्याची सुरुवात त्याच पानापासून होते.

आणि मग शिक्षकांनी दाराची मागणी करावी. दारासाठी तळाशी जागा करायची तर नळ्या काढाव्या लागतात, आणि नळी काढली की तिच्यातून जाणारे बल शेजारच्या नळ्यांकडे वळते. कोणत्या नळ्या काढायच्या, उघड्या कडेभोवती चौकट कशी बसवायची, चौकटीचे पाय जमिनीत किती खोल रोवायचे, यावर गटात वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत. मोठ्या डोमचा सांगाडा जोडायला घेण्यापूर्वी दाराचा हा प्रश्न कागदी प्रतिकृतीवर सुटलेला असला, तर अँगल कापण्याचे यंत्र बिनधास्त सुरू करता येते.