काचेखालची हवा

(दृश्य : वाळवंट. दुरून चमकणारे काचेचे उंच घुमट.)

२६ सप्टेंबर १९९१. अमेरिकेतलं ॲरिझोना राज्य. चार पुरुष आणि चार स्त्रिया काचेच्या एका अवाढव्य इमारतीत शिरतात आणि मागे दार बंद होतं. पुढची दोन वर्षं त्यांना आतच काढायची आहेत. खायचं ते आत पिकवलेलं, प्यायचं ते आतलंच पाणी, आणि श्वासही आतल्याच हवेतला.

या प्रकल्पाचं नाव बायोस्फिअर टू. म्हणजे पहिला क्रमांक पृथ्वीचा, आणि तिच्यानंतर थेट आपला.

(दृश्य : आतलं वर्षावन, छोटा समुद्र, शेत.)

सव्वा हेक्टरच्या आसपास जागा. तेवढ्यात एक वर्षावन, प्रवाळ असलेला समुद्र, खारफुटी, गवताळ माळ, वाळवंट आणि शेती. सुमारे ३,८०० जातींच्या वनस्पती आणि प्राणी निवडून आत आणले होते. पैशाची ददात नव्हती, आणि यादी करणारी माणसं अभ्यासू होती. नंतर त्यांची पुष्कळ टिंगल झाली. मला ती पटत नाही. त्यांच्याइतक्या काळजीनं ही यादी त्याआधी कोणी केलीच नव्हती.

आणि तरी हवा कमी पडू लागली.

बाहेरच्या हवेत ऑक्सिजन असतो जवळपास २१ टक्के. आत तो महिन्यामागून महिने घसरत गेला आणि सोळा महिन्यांत साडेचौदा टक्क्यांवर आला. चार हजार मीटर उंचीच्या डोंगरावर राहावं तशी गत. जिना चढताना धाप लागायची, रात्री झोपेत श्वास अडकायचा. कोणी काही जाळत नव्हतं. झाडं तर डोळ्यांसमोर वाढत होती. मग ऑक्सिजन खात होतं कोण?

(दृश्य : मातीचा ढेकूळ, अगदी जवळून.)

माती. पीक जोमदार यावं म्हणून शेतात कंपोस्टनं समृद्ध अशी माती भरली होती. चमचाभर सुपीक मातीत जिवाणूंची संख्या अब्जाच्या घरात जाते. या जिवांना भरपूर खाद्य मिळालं, ते वाढले, आणि आठ माणसांच्या वाट्याचा श्वास त्यांनी घेतला.

पण हिशेब इथेही जुळेना. जिवाणूंनी ऑक्सिजन घेतला, तर तेवढा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला पाहिजे. तो वनस्पतींनी वापरला पाहिजे, आणि ऑक्सिजन परत आला पाहिजे. कार्बन डायऑक्साइड वाढलाही होता, पण असायला हवा त्याच्या कितीतरी कमी. उरलेला गेला कुठे? तो सापडला भिंतींमध्ये. इमारतीतलं काँक्रीट तो वायू शोषून घेत होतं आणि त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होत होतं. काँक्रीटही श्वासाच्या हिशेबात धरावं लागेल, हे कुठल्याच आराखड्यात नव्हतं.

शेवटी जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन आणून आत सोडावा लागला. ज्या पृथ्वीची प्रतिकृती करायची होती, तिच्याकडूनच उसना.

प्राण्यांचं काय झालं? पाठीचा कणा असलेल्या २५ जाती आत सोडल्या होत्या. त्यांपैकी १९ संपल्या. बहुतेक कीटक मेले. फुलाफुलांवर पराग नेणारे तर सगळेच मेले. फुलं येत होती, पण परागांसाठी कीटकांवर अवलंबून असलेल्या झाडांची पुढची पिढी तिथेच थांबली. कार्बन डायऑक्साइड शोषायला म्हणून लावलेल्या वेली इतक्या माजल्या की त्या उपटण्यात माणसांचे तासन्‌तास गेले. आणि भरभराट कोणाची झाली? झुरळांची, आणि सैरावैरा धावणाऱ्या मुंग्यांच्या एका जातीची.

(दृश्य : अंधार. मग हिरवं भाताचं शेत.)

अमुक एक प्राणी नाहीसा झाला तर आपलं काय बिघडणार आहे, असं कोणी ना कोणी विचारतंच. प्रश्न व्यवहारी वाटतो. पण तो विचारणारा एक गोष्ट धरून चालतो, की पूर्ण यादी आपल्या हातात आहे आणि फक्त खाडाखोड करायची बाकी आहे. आजवर शास्त्रानं नाव दिलेल्या जाती आहेत वीस लाखांच्या आसपास. एकूण किती असाव्यात, याचे अंदाज ऐंशी लाखांपुढे जातात, आणि त्यात जिवाणू बहुतेकदा धरलेलेही नसतात.

१९७० च्या दशकात आशियातल्या भातशेतीवर एक विषाणू आला. ग्रासी स्टंट. रोप खुरटतं, गवतासारखे फुटवे फुटतात आणि दाणा भरत नाही. तपकिरी तुडतुडे हा रोग पसरवतात. लागवडीतल्या भाताकडे त्यावर उत्तर नव्हतं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं आपल्या संग्रहातले सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. रोगाला पुरून उरला फक्त एक. तो होता ओरायझा निवारा या रानटी भाताचा, उत्तर प्रदेशातून गोळा केलेला. दाणे पिकताच गळून पडतात, त्यामुळे शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे निव्वळ तण.

त्या तणाचा गुण संकरातून लागवडीच्या भातात उतरवला गेला. १९७६ मध्ये आलेल्या आयआर ३६ या वाणात तो होता, आणि १९८० च्या दशकात हे वाण जगात सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरांवर उभं होतं. इतक्या लोकांच्या ताटातला भात एका नमुन्यावर तरला. तो गोळा झाला नसता तर काय झालं असतं, याचा अंदाज मी करणार नाही. हे नमुने ठेवणाऱ्या माणसांची नावं मात्र शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती.

(दृश्य : पाणी आटत चाललेलं डबकं, काठाला गवत.)

हा रानटी भात उगवतो तळ्यांच्या काठांना, चरांमध्ये, पावसात भरणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या डबक्यांत. कागदोपत्री अशा जागा बऱ्याचदा पडीक ठरतात. आणि पडीक जागेत भराव टाकायला सहसा कोणाची हरकत नसते.