एका सेंटिमीटरची किंमत: इलेक्ट्रिक कारला मोठे टायर

(दृश्य: गावाच्या वेशीवरचा स्पीडब्रेकर. कॅमेरा रस्त्यालगत, गाडीच्या पोटाच्या पातळीवर. पाच माणसं बसलेली नेक्सॉन ईव्ही हळू पुढे येते.)

निवेदन:

रांजणगावच्या कारखान्यात बनणारी ही नेक्सॉन ईव्ही. बॅटरी गाडीच्या पोटाखाली. पाच माणसं बसली, डिकी भरली की गाडी खाली बसते, आणि अशा उभ्या स्पीडब्रेकरवर पोट घासल्याचा आवाज येतो. पेट्रोलच्या गाडीत तो आवाज आला तर माणूस सायलेन्सरला शिव्या देतो. इथे मात्र खाली गाडीतली सगळ्यात महाग वस्तू आहे.

टायरच्या दुकानात यावर ठरलेला सल्ला मिळतो: एक माप मोठे टायर टाका, गाडी उचलली जाईल. उचलली जाते हे खरं. किती, आणि बदल्यात काय द्यावं लागतं, ते आता मोजून बघू.

(दृश्य: टायरच्या बाजूवरचे आकडे जवळून. खडूने गिरवलेले: २१५/६० आर१६ ९५एच.)

या गाडीचं मूळ माप २१५/६० आर१६. टायरची रुंदी २१५ मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर. रिम १६ इंची, म्हणजे ४०६.४ मिलिमीटर. दोन्हीकडच्या भिंती धरून चाकाचा पूर्ण व्यास ६६४.४ मिलिमीटर.

रिम तीच ठेवून २१५/६५ आर१६ बसवला, तर भिंत होते १३९.७५ आणि व्यास ६८५.९. व्यास साडेएकवीस मिलिमीटरने वाढला, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, कारण उरलेली वाढ चाकाच्या आसाच्या वरच्या बाजूला जाते. हातात आले पावणेअकरा मिलिमीटर. जेमतेम एक सेंटिमीटर.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, आणि १.६ मिलिमीटरला टायर कायद्याने बाद होतो. म्हणजे गुळगुळीत झालेले टायर काढून त्याच मापाचे नवे घातले, तरी गाडी सहा मिलिमीटरने वर येते. ‘मोठे टायर टाकले आणि घासणं थांबलं’ असं सांगितलं जातं, त्यातला बराच वाटा मोठ्या मापाचा नसून नव्या रबराचा असतो.

(दृश्य: डॅशबोर्डवरचा वेग आणि मोबाइलवरचा जीपीएस वेग, एकाच चौकटीत.)

व्यास ३.२ टक्क्यांनी वाढला, तसा परीघही तेवढाच वाढला. चाकाच्या एका फेरीत गाडी आधी २ मीटर ८७ मिलिमीटर जायची, आता २ मीटर १५५ मिलिमीटर जाते. गाडीच्या कॉम्प्युटरला याची खबर नसते. तो फेऱ्या मोजतो आणि जुन्या परिघाने गुणतो. त्यामुळे आता मीटर १०० दाखवतो तेव्हा वेग असतो तो, जो जुन्या टायरवर मीटरने १०३ दाखवला असता. बहुतेक गाड्यांचा स्पीडोमीटर मुळातच थोडा जास्त दाखवतो, कारण खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायला आंतरराष्ट्रीय नियमांत परवानगीच नाही. आपण ती शिल्लक खाऊन टाकतो. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर, जिथे सपाटीला कारची मर्यादा १०० आहे, तिथे हे तीन किलोमीटर लक्षात ठेवलेले बरे.

किलोमीटरचं गणितही असंच घसरतं, आणि बहुतेकांची फसगत इथे होते. मोठे टायर घातल्यावर पहिल्या आठवड्यात तक्रार येते: रेंज कमी झाली. मीटरवर खरंच कमी दिसते. पण गाडी १०३.२ किलोमीटर गेलेली असते तेव्हा मीटरवर १०० उमटलेले असतात. वीज गेली १०३.२ किलोमीटरची आणि भागाकार झाला १०० ने. मीटर किलोमीटरमागे १४० वॉट-तास दाखवत असेल तर त्याला १.०३२ ने भागा. खरा खप निघतो १३५.७. म्हणजे तीन टक्के रेंज हरवलीच नव्हती, मोजताना सांडली होती.

जाता जाता: बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असेल, तर तोही आकडा याच मीटरवर मोजला जातो. मीटरवर एक लाख साठ हजार होतील तेव्हा गाडी पाच हजार किलोमीटर जास्त पळालेली असेल. खूश व्हायची घाई नको. टायरचं माप बदललेलं आहे हे सर्व्हिस सेंटरलाही दिसतंच.

(दृश्य: दुकानात टायरची चळत. एकाची नक्षी गुळगुळीत रेघांची, दुसऱ्याची मोठ्या ठोकळ्यांची.)

मग रेंज खरोखर खातं कोण? व्यास नाही. उलट रबर तेच आणि वजन तेच असेल, तर मोठ्या व्यासाचं चाक किंचित हलकंच फिरतं. रेंज खाल्ली जाते ती रबराच्या जातीमुळे. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे जाऊन पुन्हा गोल होतो, आणि या दाबण्या-सुटण्यात काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. युरोपातल्या टायरच्या लेबलवर याच्या श्रेणी असतात. टनामागे ६.५ किलो किंवा त्याहून कमी विरोध असेल तर ‘ए’, १०.६ किंवा जास्त असेल तर ‘ई’. भारतातही एआयएस-१४२ या मानकाने रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींची तपासणी आली आहे.

हा फरक रेंजमध्ये किती पडतो? माणसांसह गाडी १,६०० किलो धरू. मूळ टायरचा विरोध टनामागे साडेसात किलो, आणि नव्या, ठोकळेवाल्या ऑल-टेरेन टायरचा साडेदहा. फरक तीन किलोचा. सगळ्या गाडीचा मिळून ४.८ किलो, म्हणजे ४७ न्यूटन. हा विरोध ढकलत नेण्यासाठी दर किलोमीटरला चाकापाशी १३ वॉट-तास लागतात. मोटर आणि गिअरमधली घट धरली तर बॅटरीतून १५. १४० चा खप १५५ झाला. बॅटरीत वापरायला ३० किलोवॉट-तास असतील, तर २१४ किलोमीटरची रेंज १९४ वर येते. वीस किलोमीटर गेले, आणि यात टायरचं माप एका मिलिमीटरनेही बदललेलं नाही.

इथेही एक पथ्य आहे. झिजलेला टायर नव्यापेक्षा हलका फिरतो, कारण त्याच्यात चेपायला रबरच कमी उरलेलं असतं. म्हणून जुन्या, गुळगुळीत टायरच्या रेंजची तुलना नव्याशी केली तर नवा हरणारच, मग माप कुठलंही असो. तुलना नव्याची नव्याशी, हवेचा दाब सारखा, रस्ता तोच, एसीही तसाच.

(दृश्य: खंबाटकी घाट. चढावर गाडी.)

घाटात काय होतं? या गाडीत गिअर एकच आहे. मोठं चाक म्हणजे तोच गिअर तीन टक्के लांब झाला. मोटर तेवढाच पीळ देते, पण जमिनीवर पोचणारा जोर तीन टक्के घटतो, आणि उतारावर ब्रेकिंगमधून वीज परत घेतानाचा जोरही तेवढाच. इलेक्ट्रिक मोटरकडे कमी वेगाला जोर भरपूर असल्याने चालवणाऱ्याला फरक जाणवणार नाही. स्टॉपवॉच लावलं तर दिसेल, इतकाच.

(दृश्य: १७ इंची अलॉय आणि त्यावरचा पातळ टायर. बाजूला रस्त्यातला खड्डा.)

काही जणांना उंची नको असते, रुबाब हवा असतो. मग १७ इंची अलॉय आणि २१५/५५ आर१७. व्यास ६६८.३, म्हणजे मूळ मापाच्या जवळपास. मीटर बिघडत नाही, गाडी फक्त दोन मिलिमीटर उचलली जाते. कागदावर सुरेख. पण आकड्यांच्या पुढचा आकडा वाचा. मूळ टायरचा लोड इंडेक्स ९५, म्हणजे एका टायरने ६९० किलो पेलायचे. २१५/५५ आर१७ चा साधा टायर बहुतेकदा ९४ चा येतो, म्हणजे ६७० किलो. माप मोठं झालं आणि ताकद उतरली! पेट्रोलच्या भावंडापेक्षा ही गाडी बॅटरीमुळे आधीच जड. हे माप घ्यायचंच असेल तर एक्स्ट्रा लोडचा, ९८ चा टायर शोधावा. तो ७५० किलो पेलतो, मात्र त्याला हवा जास्त लागते. २१५/६५ आर१६ मध्ये ही अडचण नाही, तिथे साधा टायरच ९८ चा असतो. मूळ इंडेक्सच्या खाली उतरायचं नाही, दुकानदाराने ‘काही होत नाही साहेब’ म्हटलं तरी.

शिवाय भिंत १२९ वरून ११८ मिलिमीटरवर आली. पावसाळ्यातल्या खड्ड्यात चाक आदळलं की धक्का झेलणारं रबर तेवढं कमी. मग रिम वाकते, किंवा भिंतीतले धागे तुटून टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. तो काढायचाच.

रुंदी वाढवणाऱ्यांसाठी एवढंच: २३५/६० आर१६ ला किमान साडेसहा इंच रुंद रिम लागते. जुन्या रिमवर कोरलेली रुंदी वाचल्याशिवाय टायरचे पैसे देऊ नका.

(दृश्य: गाडी लिफ्टवर. पुढचं चाक पूर्ण वळवलेलं. मेकॅनिकचा हात चाक आणि स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या खांबाच्या, मध्ये.)

आता बसवणं. मोठ्या व्यासामुळे चाकाभोवतीची फट सगळीकडून पावणेअकरा मिलिमीटरने कमी होते. आधी एकच चाक चढवून बघायचं, तेही पुढचं. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि तीन जागा तपासा: मडगार्डच्या आतल्या प्लास्टिक लायनरची मागची कड, बंपरची कड, आणि स्ट्रटवरची स्प्रिंगची बैठक, जी टायरच्या अगदी डोक्यावर येऊ शकते. कुठेही १० मिलिमीटरपेक्षा कमी जागा उरत असेल तर ते माप सोडून द्या. रिकाम्या गाडीत न घासणारा टायर भरलेल्या गाडीत घासतो. म्हणून लायनरवर मुलांच्या खेळातली क्ले चिकटवा, माणसं बसवा, स्पीडब्रेकरवरून आणि वळणावरून गाडी फिरवून आणा. क्लेवर ओरखडा उठला की उत्तर मिळालं. कोकणात लाल चिखल याच फटीत साचून वाळतो, तिकडे जागा आणखी सोडावी.

जॅक लावताना टायरवाल्याच्या शेजारी उभे राहा. ट्रॉली जॅक सवयीने मधोमध सरकवला जातो. तिथे बॅटरीचा खोका आहे. जॅक फक्त दाराखालच्या कडेवरच्या ठरलेल्या खुणांवर, मध्ये रबरी ठोकळा ठेवून.

नट एअर गनने शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. हाताने बसवून, समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. बाहेरून घेतलेल्या अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीच्या भागापेक्षा, मोठं असेल तर ती फट भरणारी सेंटरिंग रिंग लागते. ती नसेल तर बॅलन्सिंग अचूक करूनही ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, आणि दोष बॅलन्सिंगवाल्याच्या माथी जातो. व्हील अलाइनमेंट मोठ्या टायरमुळे बिघडत नाही, सस्पेन्शनचे कोन तसेच राहतात. तरी नवे टायर वाकड्या अलाइनमेंटवर झिजू नयेत म्हणून ते आधी तपासून घ्यावं. हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा असेल तर नवा दाब भरून ती रिसेट करायची.

टायर बदलायचे तर चारही. पुढे एक माप आणि मागे दुसरं झालं, तर एबीएसला, म्हणजे ब्रेक दाबताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने फिरताना दिसतात आणि ती त्याला घसरणं समजू शकते.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. त्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकाराला कंपनीने स्वतः दिलेलं माप हे सगळ्यात बिनघोर. त्याबाहेर गेलात तर विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच ठेवा.

(दृश्य: डिकीतून स्टेपनी काढली जाते. मोठ्या चाकाशेजारी उभी केल्यावर दोन्हींच्या उंचीतला फरक दिसतो.)

राहिली स्टेपनी. ती जुन्याच मापाची राहते, आणि गाडीचा जोर पुढच्या चाकांवर आहे. पुढे एक चाक लहान आणि एक मोठं लागलं, तर वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारं डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं आणि तापतं. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं मोठं चाक काढून पुढे लावा आणि स्टेपनी मागे. काम दुप्पट होतं. मग वेग कमी ठेवून जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत, आणि चाकं पुन्हा जागच्या जागी आली की पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर सगळे नट एकदा टॉर्क पान्याने तपासायचे.