कडुलिंबाच्या पानातली बुरशी आणि टॉवेलची खळ

श्रोतेहो नमस्कार. आज बुरशीवर बोलायचंय, पण शिळ्या भाकरीवरच्या नाही. कडुलिंब, अडुळसा, गुळवेल ही औषधी झाडं आपल्या सोलापूर भागात कुठंही दिसतात, त्यांचं एकही डाग नसलेलं हिरवंगार पान तोडा, आत बुरशी राहत असतेच, आणि झाडाला काही त्रास नाही. तिला एंडोफाइट म्हणतात.

आता ती आतलीच कशावरून, आपल्याकडची धूळ तर माहितीये, पानावर बाहेरूनच ढीगभर बुरशी असणार. म्हणून पान आधी 70 टक्के अल्कोहोलमध्ये, मग ब्लीचच्या पातळ द्रावणात बुडवायचं, निर्जंतुक पाण्यानं धुवायचं, आणि शेवटचं धुतलेलं पाणीसुद्धा बुरशी वाढवायच्या वेगळ्या प्लेटवर टाकून बघायचं, त्यातून काही उगवलं की ती सगळी मेहनत फुकट. मला तर हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. नीट धुतलेल्या पानाचे तुकडे बटाट्याचा अर्क आणि साखर घातलेल्या आगरवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, ठेवले की काही दिवसांत कापलेल्या कडेनं पांढरे तंतू बाहेर येतात.

या बुरशीला पानात शिरायला आणि पुढं गळलेलं पान कुजवून खायला एन्झाइम, म्हणजे पदार्थ तोडणारी प्रथिनं लागतात: सेल्युलोज तोडणारं सेल्युलेज, प्रथिनं तोडणारं प्रोटिएज, स्टार्च तोडणारं अमायलेज वगैरे. अमायलेजची टेस्ट सोपी आहे, स्टार्चच्या प्लेटवर बुरशी वाढवायची, वरून आयोडीन ओतायचं, सगळी प्लेट निळी-काळी होते आणि बुरशीभोवती तेवढं कडं स्वच्छ राहतं, म्हणजे तिथला स्टार्च तिनं संपवला.

मग यात सोलापूरच्या टॉवेलचं काय? विणताना ताण्याचं, म्हणजे उभं सूत तुटू नये म्हणून त्याला खळ देतात, आणि ती नंतर काढली नाही तर टॉवेल पाणीच नीट शोषत नाही बघा. ही स्टार्चची खळ काढायला अमायलेज वापरतात, त्यानं कापसाच्या धाग्याला धक्का लागत नाही. पण बुरशी एकटं अमायलेज थोडंच देते, सोबत सेल्युलेज पण सोडते, आणि कापूस म्हणजे सेल्युलोजच की ओ, हे सेल्युलेज वेगळं काढलं नाही तर खळीबरोबर टॉवेल पण झिजायचा!

सध्या बाजारातलं अमायलेज मुख्यतः बॅसिलस बॅक्टेरिया आणि अस्परजिलस बुरशीपासून येतं, पानातल्या बुरशीचं काम अजून बहुतेक लॅबमध्येच आहे. खळ काढायचं पाणी गरम असतं, त्यात बुरशीची बरीच एन्झाइम टिकत नाहीत. आपलं झाड 42 डिग्रीत उभं राहिलं म्हणून त्यातल्या बुरशीचं एन्झाइम पण तापमान सोसेल असं काही नाही, ते प्रत्येक बुरशीचं वेगळं तपासूनच बघावं लागतं.