कॉन-टिकी: नऊ ओंडक्यांची परीक्षा

नमस्कार श्रोतेहो.

भर पॅसिफिकमध्ये, किनारा शेकडो मैल मागे टाकल्यावर, तराफ्यावरच्या एका माणसानं कोणाचं लक्ष नाही असं पाहून ओंडक्याच्या भिजलेल्या कडेचा टवका मोडला आणि समुद्रात टाकला. टवका बुडाला. पुढं आणखी दोघातिघांनीही, आपल्याकडे कोणी बघत नाही असं समजून, तेच करून पाहिलं. त्यांचेही टवके बुडाले. ज्या लाकडावर सहा जणांचा जीव टांगलेला, ते लाकूड तरंगत नव्हतं. मग सुरी ओंडक्यात खोल घातली. साधारण इंचभर आत मात्र पाणी शिरलेलं नव्हतं, तिथं झाडाचा चीक अजून ओला होता.

हा तराफा म्हणजे कॉन-टिकी, साल 1947. नॉर्वेचा थोर हेयरडाल आणि त्याचे पाच सोबती पेरूच्या कायाओ बंदरातून 28 एप्रिलला निघाले आणि 101 दिवसांनी, 7 ऑगस्टला, तुआमोतू बेटांपैकी रारोइआच्या प्रवाळ खडकावर आदळले. अंतर जवळपास 6900 किलोमीटर. हेयरडालचं म्हणणं होतं की पॉलिनेशियात, म्हणजे पॅसिफिकमधल्या या बेटांच्या पसाऱ्यात, माणसं दक्षिण अमेरिकेतूनही आली असावीत. त्यावर जाणकारांचा सरळ सवाल होता: कशावर बसून? पेरू-इक्वादोरच्या किनाऱ्यावर जुने लोक बाल्साचे तराफे वापरत, पण तसला तराफा आठ-पंधरा दिवसांत पाणी पिऊन बसेल, आणि ओंडके एकमेकांवर घासून दोर तुटतील, असं सगळे सांगत. म्हणून तोच तराफा बांधायचा आणि त्यावर बसून जायचं ठरलं.

बाल्सा हे आपल्या काटेसावरीच्या कुळातलं झाड. झपाट्यानं वाढतं, लाकूड मऊ आणि हलकं. वाळलेला बाल्सा म्हणजे जवळजवळ रिकाम्या पेशींचा स्पंज. तसा वाळवून वापरला असता तर टीकाकार बरोबर ठरले असते, कारण रिकाम्या जागेत समुद्राचं पाणी भराभर शिरलं असतं. पण हे ओंडके इक्वादोरमधल्या केवेदोजवळच्या जंगलात उभी झाडं तोडून आणलेले, नदीतून तरंगत ग्वायाकिलला आलेले, ओलेच. पेशी आधीच चिकानं भरलेल्या, त्यामुळं खारं पाणी आत जायला फार वेळ लागतो. जुने तराफेवालेही ओलं लाकूडच घेत असणार, असा हेयरडालचा तर्क. हे त्यानं मोठ्या हुशारीनं ठरवलं होतं असं म्हणायची घाई नको. निघायची घाई होती आणि मोठं, सुकलेलं लाकूड मिळत नव्हतं, हेही तितकंच खरं.

आता बांधणी. आपल्या हाताची बोटं जुळवून पंजा पुढं धरा: मधलं बोट लांब, कडेची आखूड. तराफ्याचं नाक तसं होतं. नऊ ओंडके, जाडी साधारण दोन फूट, मधला पंचेचाळीस फूट, कडेचे तीस फूट. त्यांच्यावर आडवे, फूटभर जाडीचे बाल्साचे ओंडके, साधारण तीन-तीन फुटांवर. वर बांबूच्या चटया, बांबूची खोपी आणि त्यावर केळीच्या पानांचं छप्पर. खारफुटीच्या टणक लाकडाची दोन पायांची डोलकाठी, मागं लांबलचक सुकाणूचं वल्हं. खिळा नाही, तार नाही. सगळं हेंपच्या, म्हणजे वाखाच्या, दोरांनी बांधलेलं, मुख्य दोर सव्वा इंच जाड, आणि असे वेगवेगळे सुमारे तीनशे तुकडे, प्रत्येकाची गाठ स्वतंत्र. एक तुटला तर शेजारचा ढिला पडू नये म्हणून.

याच दोरांवर तर टीकाकारांची पैज होती. बंदरात ज्यानं त्यानं बांधकाम चाचपून डोकं हलवलं होतं. समुद्रात झालं उलटंच. लाकूड मऊ असल्यामुळं दोर झिजले नाहीत, ते लाकडात रुतत गेले. ओंडक्यात जणू खोबण तयार झाली, आणि घर्षण दोराच्या वाट्याला येण्याऐवजी लाकडानं सोसलं. कठीण लाकडाचा तराफा असता किंवा दोराऐवजी तार वापरली असती, तर निकाल वेगळा लागला असता. तार बाल्सा करवतीसारखा कापत जाते.

लाटेचंही तसंच. होडीत लाट शिरली की उपसावी लागते. तराफ्यावर मागून लाट आली की पाणी ओंडक्यांमधल्या फटींतून, चाळणीतून जावं तसं, खाली निघून जाई. उपसायचा प्रश्नच नाही.

खरी उणीव होती ती वळण्याची. तराफा वाऱ्यापुढं आणि प्रवाहाबरोबर चांगला जाई: हंबोल्ट प्रवाह आधी उत्तरेकडे नेई, मग दक्षिण विषुववृत्तीय प्रवाह आणि आग्नेयेचा व्यापारी वारा पश्चिमेकडे ढकलत. दिवसाला सरासरी सुमारे साडेबेचाळीस सागरी मैल. पण मागं फिरणं अशक्य. जुलैत सोबत्यांपैकी हर्मन वात्झिंगर वाऱ्यानं उडालेली झोपायची पिशवी धरायला गेला आणि पाण्यात पडला. तराफा थांबत नाही, वळत नाही. बुडणाऱ्याला वाचवायचं तरंगतं कडं फेकलं तर वाऱ्यानं परत तराफ्यावर येऊन पडत होतं. शेवटी क्नूट हाउगलांडनं दोर बांधलेलं कडं घेऊन उडी मारली आणि बाकीच्यांनी दोघांना ओढून घेतलं. याच हाउगलांडकडे आणि टॉर्स्टाइन रॉबीकडे बिनतारी संच होता. सुमारे सहा वॅटचा, म्हणजे छोट्या विजेरीएवढ्या ताकदीचा. तेवढ्यावर लॉस एंजेलिसच्या हौशी रेडिओवाल्याशी बोलणं झालं, आणि पुढं थेट ओस्लोशीही. रेडिओवरून बोलताना हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

शेवटी खडक. रारोइआच्या बाहेरच्या प्रवाळावर लाटा फुटत होत्या आणि चुकवायचा उपाय नव्हता. आज्ञा एकच: काही झालं तरी तराफा सोडायचा नाही. डोलकाठी मोडली, खोपी चिरडली, सुकाणू तुटलं. नऊ ओंडके एकत्र राहिले आणि सहाही जण वाचले.

यातून सिद्ध काय झालं? लाकूड टिकतं, दोर टिकतात, वाटेत मासे मिळतात. एवढंच. सुरुवातीला पन्नास मैल आरमाराच्या टगबोटीनं ओढून नेलं होतं, सोबत डबाबंद अन्न आणि हजार लिटरहून जास्त पाणी होतं. आणि जाता येतं म्हणून कोणी गेलंच होतं, हे त्यातून निघत नाही. भाषा, पुरावशेष आणि पुढं आनुवंशिकी, तिन्ही पॉलिनेशियन लोकांचं मूळ पश्चिमेला, तैवान आणि आग्नेय आशियाकडे दाखवतात.

एक चूक मात्र हेयरडालनं स्वतःच दुरुस्त केली. ओंडक्यांच्या फटींतून खाली पाण्यात घुसवलेल्या फळ्या, ज्यांना तिकडे ग्वारा म्हणतात, त्याच्याकडेही होत्या, पण त्यांचं पुरतं तंत्र उमगलं नव्हतं. 1953 मध्ये इक्वादोरच्या किनाऱ्यावर त्यानं प्रयोग केले. नाकाकडची फळी खाली दाबली की तराफा वाऱ्याकडे तोंड करतो, मागची दाबली की वाऱ्यापासून दूर वळतो. फळ्या वरखाली करूनच, सुकाणूशिवाय, वाऱ्याला तिरपं जाता येतं, परतही येता येतं. म्हणजे जुन्या लोकांचा तराफा कॉन-टिकीपेक्षा सरस होता.

उलट दिशेचा प्रवास किती अवघड, ते फ्रेंच खलाशी एरिक द बिशॉपनं दाखवलं. 1956 मध्ये तो ताहितीहून बांबूच्या तराफ्यानं चिलीकडे निघाला. महिने गेले, बांबू किड्यांनी पोखरले, तराफा दिवसेंदिवस खाली जात राहिला, आणि चिलीजवळ येऊन तो सोडून द्यावा लागला.

तरी कोणीतरी गेलं आणि आलं, याची साक्ष रताळं देतं. आपल्या उपवासाच्या ताटातलं हे रताळं मूळचं अमेरिकेचं, आणि युरोपियन जहाजं पोचण्याच्या कितीतरी आधी ते पॉलिनेशियात लावलं जात होतं. तिथलं त्याचं नाव कुमारा, आणि त्याच्याशी जुळणारं नाव दक्षिण अमेरिकेतही सापडतं. 2020 मध्ये छापलेल्या डीएनए अभ्यासात पूर्व पॉलिनेशियन लोकांत सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा अमेरिकी अंश आढळला, आणि तो आजच्या कोलंबियाच्या बाजूच्या लोकांशी सर्वांत जवळचा निघाला. ते तराफ्यावरून इकडे आले, की पॉलिनेशियन जोडहोड्या तिकडे जाऊन आल्या? 1976 मध्ये होकुलेआ ही अशीच जोडहोडी मायक्रोनेशियाच्या माउ पियाइलुगनं हवाईहून ताहितीला नेली, होकायंत्राशिवाय, तारे आणि लाटांच्या आधारानं. माझा कल होडीकडे आहे, कारण तिला परत वळणं तराफ्याहून सोपं जातं.